तिसरी-चौथीला जपानी ठसेकाम: फोम शीटवर लाट नीट का उमटत नाही?

चित्रकला_तिसरी_ब

तिसरी आणि चौथी मिळून ४२ मुलं आहेत, शाळा नागपुरातच. ७० मिनिटांचे दोन जोडतास मिळाले आहेत. विषय ठेवलाय जपानी छापचित्रं, म्हणजे जपानी चित्रकार होकुसाईची ती प्रसिद्ध लाट मुलांना दाखवायची आणि मग प्रत्येकाकडून एक ठसा करून घ्यायचा. बजेट सगळं मिळून १५०० रुपये. कोरणी किंवा कटर मुलांच्या हातात द्यायचा नाही, हा शाळेचा नियम. थर्मोकोलच्या प्लेट मिळत नाहीत, बंदीच आहे, म्हणून क्राफ्टची २ मिमी जाडीची फोम शीट आणली. ए-फोर शीट अर्धी कापली, वर बॉलपेननं दाबून लाट काढली, ब्रशनं निळा पोस्टर कलर लावला, ड्रॉईंगचा कागद ठेवून हातानं दाबला. काय झालं ते लिहिते:

रंग फोमवर पसरतच नाही, कमळाच्या पानावरच्या पाण्यासारखा गोळा होतो. जिथे पसरला तिथे रेघा बुजल्या. कागद काढताना मध्ये चिकटला, कडेला छापच नाही. बॉलपेनची शाई रंगात उतरली. आणि सगळ्यात मोठा घोळ म्हणजे मूळ चित्रात रेषा गडद निळ्या आहेत, आमच्या पांढऱ्या आल्या आणि बाकी सगळा भाग निळा. नाव लिहिलं होतं, ते उलटं.

यातलं काय बदलू? आणि जपानी चित्रांत आकाश वरून गडद, खाली फिकं होत जातं, ते या वयात जमेल का?

---

ठसेवाला

मॅडम, तुमच्या यादीतल्या एकेका अडचणीचं कारण वेगळं आहे, सगळा दोष फोमवर टाकू नका.

रंग गोळा होतो कारण फोम पाणी पीत नाही. जपानी ठसे लाकडाचे, बहुतेक चेरीच्या लाकडाचे. लाकूड थोडं पाणी शोषतं, म्हणून तिथे ब्रशनं रंग लावला तरी एकसारखा बसतो. फोमवर तीच पद्धत चालणार नाही. आधी फोमचा वरचा तुकतुकीत पापुद्रा घालवा: २२० नंबरचा पॉलिश पेपर गोल गोल, हलक्या हातानं, एका तुकड्याला अर्धा मिनिट पुरे. मग भांड्याच्या साबणानं धुऊन वाळवा. हे काम मुलांच्या आधी घरी करून ठेवा, कारण त्याची धूळ उडते आणि लहान मुलं डोळे चोळतात.

बाटलीतला पोस्टर कलर ठशासाठी पातळ असतो, आपल्याकडच्या हवेत वाळतोही पटकन. त्यात तांदळाची खळ घाला. मूळ जपानी रंगातही भाताची खळच असते, म्हणजे हा जुगाड नव्हे, हीच रीत आहे. २५ ग्रॅम तांदळाचं पीठ २०० मिली थंड पाण्यात कालवा, गुठळी राहू देऊ नका, मग मंद आचेवर ५-६ मिनिटं सतत ढवळा. पांढरेपणा जाऊन ती काचेसारखी दिसायला लागली की उतरवा आणि गाळून घ्या. दोन भाग रंग, एक भाग खळ. अशा दोन टेबलस्पून मिश्रणाला ग्लिसरीनचे ५-६ थेंब (वाळणं लांबतं) आणि भांड्याच्या लिक्विडचा एकच थेंब (फोमवर पसरतो). दोन थेंब टाकलेत तर फेस होतो आणि छापात बारीक पांढरी भोकं येतात. मिश्रण श्रीखंडापेक्षा सैल, इडलीच्या पिठापेक्षा घट्ट हवं. पांढरा गोंद घालू नका. तो ठशावरच वाळतो, रेघा कायमच्या बुजतात आणि कागद धरून ठेवतो.

रेघा बुजण्याची कारणं दोन: रंग जास्त, किंवा रेघ उथळ. या फोमचा गुण असा की दाबलेली रेघ थोडी परत वर येते. एकदा ओढून भागत नाही, तीच रेघ तीन वेळा गिरवायची, हलक्यापासून जोरात. रेघ निदान दीड मिमी रुंद हवी आणि दोन रेघांमध्ये ४-५ मिमी जागा. बारीक जाळी काढली की तिथे डबकंच होणार. बॉलपेन शाई संपलेलाच घ्या. नाही तर बोथट केलेली पेन्सिल. टोकदार पेन्सिलीनं फोम फाटतो आणि फाटलेल्या कडेत रंग अडकतो.

रंग लावायला हार्डवेअरच्या दुकानातला स्पंजचा रोलर आणू नका. तो रेघेच्या आत घुसतो. रबरी रोलर असेल तर उत्तम, पण बजेटमध्ये सहा रोलर बसणार नाहीत. मग भांडी घासायच्या मऊ स्पंजचे ४ सेमीचे चौकोन कापा, टाइलवर रंगाचा पातळ थर पसरा, स्पंज त्यात टेकवून ठशावर टिपत जा. पुसायचं नाही, टिपायचं. पहिल्या छापाला दोनदा टिपावं लागतं, कारण कोरा फोम थोडा रंग धरून ठेवतो. तो पहिला छाप फिका येणारच, त्याला प्रूफ म्हणा आणि बाजूला ठेवा.

कागद: ड्रॉईंग शीट जाड आणि ताठ. ती ठशाच्या उंचसखल भागावर वाकत नाही, म्हणून कडा कोऱ्या राहतात. तिला प्रेस लागते. हातानं घासायचं तर ७० जीएसएमचा साधा झेरॉक्सचा कागद चालतो, पातळ हातकागद मिळाला तर त्याहून बरा. मात्र किंचित ओला हवा. त्याचं खाली कुणीतरी लिहीलच, नाही लिहिलं तर मी लिहितो.

---

पोट्टे_आणि_रंग

वरचं सगळं बरोबर. पण मॅडम, ४२ पोट्टे आणि मोजक्या टाइल, हे गणित आधी मांडा, नाही तर दुसऱ्या तासाला वर्ग निळा होऊन राहते अन् ठसे राहून जातात.

तुकडा अर्धा नको, पाव करा. पाव ए-फोर म्हणजे साधारण १०.५ × १४.८ सेमी. ४२ मुलांना ११ शीट लागतात, १३ आणा, दोन बिघडण्यासाठी. प्रत्येकी तीन छाप आणि एक प्रूफ धरला तर १६८ कागद. छापाचा कागद ठशापेक्षा चारी बाजूंनी २ सेमी मोठा ठेवायचा, म्हणून ए-फाइव्ह कापून घ्या, म्हणजे ए-फोरचे ८४, वर दहाएक जास्तीचे. एका छापाला साधारण १ मिली रंग जातो, सांडलवंड धरून पाव लिटर मिश्रण पुरे.

पहिल्या दिवशी रंग अजिबात काढू नका. चित्र बघणं, चित्र काढणं, उतरवणं, दाबणं, यातच ७० मिनिटं जातात. रंगाची बाटली टेबलावर दिसली की एकही पोट्टं रेघ नीट गिरवत नाही.

दुसऱ्या दिवशी सात जणांचे सहा टेबल. जपानात चित्र काढणारा एक, लाकूड कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा आणि पैसा लावून ते विकणारा प्रकाशक चौथा, अशी कामाची वाटणी असायची. तीच वापरा. टेबलावर दोघं रंग टिपणारे (यांचे हात घाण), दोघं कागद ठेवणारे-उचलणारे (यांचे हात कोरडे, कागदाशिवाय कशालाही हात लावायचा नाही), दोघं घासणारे, आणि एक प्रकाशक. प्रकाशकानं छापामागे पेन्सिलीनं नाव-नंबर टाकायचा, दोरीवर लावायचा आणि खराब छाप परत पाठवायचा. दर १५ मिनिटांनी कामं फिरवा. एकच मूल रंगही लावते अन् कागदही उचलते, तिथेच बोटांचे ठसे येतात. प्रकाशकाचं काम आधी कोणाला नको असते, परत पाठवायचा अधिकार कळला की सगळ्यांना तेच पाहिजे.

घासायला बुडाशी गुळगुळीत असलेली स्टीलची वाटी. जपानी छापणारे बांबूच्या सालीत गुंडाळलेली चपटी गोल गादी वापरतात, तिला बारेन म्हणतात. तशी पाहिजे तर १० सेमी व्यासाच्या तीन पुठ्ठ्याच्या चकत्या एकावर एक चिकटवून वर जुन्या सुती साडीचा तुकडा ताणून बांधा, मागे गाठ धरायला येते. कागदावर बटर पेपर ठेवून मगच घासा, नाही तर ओला कागद सोलून निघतो. मधून सुरू करून बाहेर जायचं, शेवटी चारी कडा. एका छापाला मनात ३० आकडे. हातानं नुसतं दाबलं तर तळहाताच्या खोलगट भागाखाली छाप येत नाही, तुमचा कडेचा कोरेपणा काही प्रमाणात त्यामुळेच.

पंखा बंद. उन्हाळी शिबिर असलं तर कूलरसमोर हे काम करूच नका, टाइलवरचा रंग पाच मिनिटांत कातडी धरतो अन् कागद वर्गभर फिरतात. आता जुलैत उलटं आहे, छाप वाळायला रात्र जाते. दोरी अन् चिमटे पाहिजेत, सव्वाशे छाप बाकावर मांडायला जागा कुठून आणाल? दोरीखाली वर्तमानपत्र.

---

महालचा_छापखाना

मला तंत्राआधी विषयाबद्दल बोलायचंय.

पांढऱ्या रेषांचा घोळ हा घोळ नाही, तो फोमचा स्वभाव आहे. लाकडी ठशात कोरणारा रेषेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकतो, रेषा उभी राहते, म्हणून ती गडद छापते. फोमवर मूल रेषाच खाली दाबतं, म्हणून रेषा कोरी राहते. म्हणजे आठ वर्षांच्या मुलाला फोम देऊन होकुसाईची रेषा मागणं चुकीचं. वर्गात हे आधी दाखवा: फोमच्या एका तुकड्यावर दाबलेली रेघ, शेजारी पुठ्ठ्यावर चिकटवलेला दोरा. दोन्ही एकदम छापा. मुलांना दोन मिनिटांत कळतं, फळ्यावर अर्धा तास सांगून कळत नाही.

मग चित्र असं निवडा की पांढरी रेषा कामाची ठरेल. लाटेचा फेस, पावसाळी रात्र, संत्र्याची चिरलेली फोड (पाकळ्यांमधले पडदे पांढरेच असतात), तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलावरची झूल. लाटच हवी असेल तर रेषेनं काढू नका. फोम कात्रीनं लाटेच्या आकारात कापा, डोंगर वेगळा, होडी वेगळी, सगळं पुठ्ठ्यावर चिकटवा, फक्त फेसाच्या नखांसारख्या कडा दाबून काढा. कात्री तिसरीच्या मुलाला चालते, कोरणी लागत नाही.

पण मी लाट उतरवूनच घेऊ नका म्हणेन. ४२ सारख्या लाटा दोरीवर लटकल्या की त्यात मुलांचं काय? त्या चित्रात खरं शिकण्यासारखं आहे ते मांडणीत. लाट १८३१ च्या सुमाराची, फुजी डोंगराच्या छत्तीस दृश्यांच्या मालिकेतली. (मालिका एवढी खपली की पुढे दहा वाढवली, एकूण ४६ झाली. मुलांना ही बेरीज फार आवडते.) डोंगर मालिकेच्या नावात, पण या चित्रात तो मागे बोटभर. पुढची लाट त्याच्यापेक्षा कितीतरी मोठी. तोच डोंगर दुसऱ्या चित्रात आणखी कशाच्या तरी आडून दिसतो. नागपुरात हाच खेळ झिरो माइलच्या खांबावर करा. खांब आणि त्याच्याजवळचे घोड्यांचे चार पुतळे प्रत्येक चित्रात असलेच पाहिजेत, पण लहान, मागे. पुढे मोठं काय घ्यायचं ते मुलानं ठरवायचं: संत्र्याची टोपली, सायकलचं चाक, छत्री, पतंग, म्हशीचं शिंग. अट एकच, पुढची वस्तू कागदाच्या कडेनं कापली गेली पाहिजे. हिरोशिगे या दुसऱ्या जपानी चित्रकाराच्या १८५७ च्या आलुबुखाराच्या बागेच्या चित्रात पुढचं झाडाचं खोड असंच कडांनी कापलंय आणि माणसं मागे इवलीशी. कडेनं कापणं मुलांना आधी चूक वाटतं, ती वस्तू ओढून मध्ये आणतात. तिथे हट्ट धरा.

आणि जुलै आहे तर पाऊस घ्या. हिरोशिगेचं पुलावरच्या अचानक आलेल्या सरीचं चित्र दाखवा, तेही १८५७ चं. त्यातला पाऊस म्हणजे सरळ गडद रेघा, दोन किंचित वेगळ्या कोनांत. त्यासाठी दुसरा ठसा लागेल: ठशाएवढाच पुठ्ठा घ्या, त्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला १ सेमीवर खाचा पाडा (हे तुम्ही करा), त्यात शिवणाचा जाड दोरा तिरका गुंडाळा, मागे टेपनं पक्का करा. मांजा नको, बोटं कापतात. सुतळी नको, तिचे केस छापतात. दोऱ्यावर पातळ राखाडी रंग टिपायचा आणि छापलेल्या चित्रावर एकदाच घासायचं, ३० आकडे नाही, १०. जास्त घासलं की मधला पुठ्ठा पण छापतो. मधला पुठ्ठा खोल ठेवायचा असेल तर वर-खाली आइस्क्रीमच्या काड्या चिकटवून त्यांच्यावरून दोरा घ्या.

जपानशी जवळचा धागा म्हणून कुणी कामठीच्या ड्रॅगन पॅलेसची, म्हणजे जपानी मदतीनं बांधलेल्या बौद्ध मंदिराची, सहल सुचवेल. सहल छान होईल, पण छापचित्रांशी तिचा संबंध नाही. या तासात मिसळू नका.

---

चित्रकला_तिसरी_ब

झिरो माइलची कल्पना पक्की. तीन गोष्टी अजून विचारते. संक्रांतीचा पतंगाचा कागद उरलाय, तो पातळ आहे, चालेल? दोन ठसे एकावर एक बसवायचे तर मुलं पेन्सिलीच्या चौकटीत कागद ठेवतील का? आणि आकाशाचं राहिलं.

एक सर म्हणाले, हे सगळं सोडा, बटाटा कापा.

---

ठसेवाला

बटाटा आणि भेंडी पहिली-दुसरीला. बटाट्याचा ठसा हातात मावतो तेवढाच, त्याला पाणी सुटतं, अर्ध्या तासात रंग पातळ होतो, आणि दुसऱ्या दिवशी तो ठसा उरत नाही. तुमचे दोन तास वेगवेगळ्या दिवशी आहेत, तिथेच प्रश्न संपला.

पतंगाचा कागद पातळ आहे पण ओला झाला की विरतो, रंगीत असेल तर रंगही सोडतो. तो कोरडाच, दोऱ्याच्या ठशाच्या प्रयोगासाठी वापरा.

कागद ओलावणं असं: सहा कोरे कागद, सातवा स्पंजनं पुसून ओला, परत सहा कोरे, असा गठ्ठा लावा. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून वर दोन जाड पुस्तकं, एक तास. ओल आपोआप सगळीकडे सारखी पसरते. परीक्षा: कागद गालाला लावा, गार लागला पाहिजे, ओला नाही. वर चकाकी दिसली तर पाणी जास्त झालं, रंग फुटून कडा धुरकट होतील. मग त्यात चार कोरे कागद सरकवून पंधरा मिनिटं थांबा. पावसाळ्यात हा गठ्ठा रात्रीपुरताच. दोन-तीन दिवस राहिला तर बुरशीचे ठिपके येतात. उरलेला कागद सुटा करून वाळवा.

पेन्सिलीची चौकट नको. मूल कागद वरून सोडतं, नजरेच्या अंदाजानं, आणि तो ३-४ मिमी सरकतोच. जपानी ठशावर त्यासाठी केंतो नावाच्या दोन खुणा कोरलेल्या असतात: उजव्या खालच्या कोपऱ्यात काटकोन आणि त्याच कडेला डावीकडे एक सरळ पायरी. तुम्ही ए-फोर पुठ्ठ्याच्या पाटावर ठसा ठेवायची जागा आखा आणि ठशाच्या २ सेमी बाहेर दीड मिमी जाडीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवा, उजवीकडे काटकोनात दोन, डावीकडे एक. आधी कागदाचा उजवा कोपरा काटकोनात टेकवायचा, अंगठ्यानं धरायचा, मग खालची कड डाव्या पट्टीला टेकवायची, मग वरची बाजू हळूच सोडायची. बोटाला अडथळा लागतो, डोळ्यांवर भिस्त राहत नाही. पट्टी ठशापेक्षा उंच झाली तर कागद कडेला तंबूसारखा उभा राहतो, म्हणून २ मिमी फोमला दीडच. दोन्ही ठसे त्याच पाटावर, त्याच जागी. डावखुऱ्या मुलांसाठी एक पाट आरशासारखा उलटा करा.

पाऊस छापायचा तो कागद पूर्ण वाळण्याआधी. वाळलेला कागद आक्रसतो आणि खुणा जुळल्या तरी चित्र जुळत नाही. पहिला छाप झाला की दहा मिनिटं दोरीवर, मग दुसरा. रंग बोटाला लागत असेल तरच थांबा.

आकाशाच्या त्या छटेला बोकाशी म्हणतात. आकाशाचा भाग सपाट ठेवा, त्यात एकही रेघ नको. ओल्या स्पंजनं आकाशाचा खालचा अर्धा भाग फक्त दमट करा. दुसऱ्या स्पंजच्या एकाच कडेला निळा रंग घ्या, रंगाची कड वर, स्वच्छ कड खाली, आणि डावीकडून उजवीकडे तीन-चारदा आडवं टिपत न्या. जागा बदलू नका, स्पंज फिरवू नका. वरचा रंग आपोआप पाण्यात विरत खाली जातो. लगेच कागद ठेवा, इथे एक मिनिट उशीर झाला तरी मधोमध ओघळाची रेघ येते. तिसरीतल्या मुलाला दुसऱ्या-तिसऱ्या छापात जमतं. स्पंजच्या स्वच्छ कडेवर सुईदोऱ्यानं लाल खूण करून ठेवा.

निळा घेताना प्रशियन ब्लू बघा. लाटेतला गडद निळा तोच आहे, युरोपातून जपानात गेलेला. पोस्टर कलरमध्ये त्या नावाचा मिळतो. पाणी घातलं की खूप दूरपर्यंत स्वच्छ फिका होत जातो, त्यामुळे छटेला चांगला.

---

पोट्टे_आणि_रंग

उलट्या नावाचं कोणी लिहिलंच नाही. चित्र पातळ कागदावर मऊ पेन्सिलीनं काढा, मग तो कागद फोमवर पालथा ठेवून मागून नखानं घासा. पेन्सिल उतरते, उलटी. तीच गिरवायची. छापली की सुलटी. सुलटा ठेवून वरूनच बॉलपेननं गिरवला तर छाप उलटा येतो, बहुतेक वर्गांत हेच होते. पेन्सिल ४बी घ्या, एचबी उतरत नाही. पालथं ठेवायच्या आधी कागद खिडकीवर मागून धरून बघू द्या, म्हणजे चौथीच्या पोरांना कळते की ठशावर घोडे कोणत्या बाजूला तोंड करून उभे राहणार.

नाव ठशात लिहूच नका. जपानी चित्रांत सही अन् लाल शिक्के असतात, तसा खोडरबरावर एक अक्षराचा शिक्का तुम्ही आधी कापून ठेवा, सहा टेबलांना सहा. लाल रंगात, शेवटी, प्रकाशकानं मारायचा. खोडरबर कापताना कड सरळ खाली नको, बाहेरच्या बाजूला उतरती कापा, नाही तर अक्षराचा पाय मोडते.

---

चित्रकला_तिसरी_ब

अक्षर कुठलं ठेवू, शाळेचं की वर्गाचं?

---

महालचा_छापखाना

टेबलाचं. सहा टेबलांना क, ख, ग, घ, च, छ. कुठल्या टेबलावर रंग जास्त लागतोय, कुठे घासणं कमी पडतंय, ते दोरीवरच्या छापांवरून लगेच दिसतं, आणि तास संपायच्या आत त्या टेबलापाशी जाता येतं. आणि हो, क उलटा कापायचाय.